थोडक्यात निभावलं

लाँगटनच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी
हातात एक फळी, तिला अडकवलेला कागद,
आणि आग विझवायची नळकांडी मोजायचं काम.
कागदावर त्रेचाळीस. माझ्या मोजणीत एकोणचाळीस.
चार शोधण्यात आठवडा गेला.
एक सापडलं भट्टीखान्याच्या दाराशी,
दार मिटू नये म्हणून टेकवलेलं.

मी आले की बोलणी थांबायची.
कपाळावरचे चष्मे डोळ्यांवर उतरायचे,
मी वळले की परत कपाळावर.
रेग कोलक्लफ एवढा एकच मला 'डक' म्हणायचा,
इथे सगळ्यांनाच म्हणतात तसं.
ओटकेक खायला घालायचा. मी म्हटलं, हे तर आमचं धिरडं.
तो हसला, मग खोकला,
आणि खोकला हसण्यापेक्षा जास्त वेळ चालला.

घरी कुणी विचारलं, नोकरी कसली,
तर नीट सांगता यायचं नाही.
दादांना सांगावं लागलं नाही.
शिरोलीच्या फाउंड्रीत त्यांची दोन बोटं गेली
तेव्हा मी चौथीत होते.
रजिस्टरात लिहिलं होतं: कामगाराचा निष्काळजीपणा.
खाली दादांचीच सही.
डाव्या हातानं.

अजूनही कुठलाही अहवाल
मी खालून वर वाचते.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
कलमं पाढ्यांसारखी पाठ केली,
एका हातानं पाळणा हलवत.
एकदा नापास झाले. दुसऱ्यांदाही.
मग पास झाले, आणि वाटलं, आता ऐकतील.

ऐकलं नाही. मोरीन कच्च्या कपांच्या कडा
कोरड्याच घासत राहिली.
दिवे मालवून, तिच्या पाठीमागून
मी धुळीचा दिवा धरला.
तिच्या तोंडाभोवती भुरभुरत होतं
ते तिनं पाहिलं, मीही पाहिलं.
"सुंदर आहे गं," म्हणाली,
आणि पुढचा कप उचलला.

मग मी नियम सांगायची थांबले.
स्टूल घेऊन एक अख्खी पाळी तिच्या शेजारी बसले.
ओल्या स्पंजानं तासाला अकरा कप कमी होतात.
मजुरी नगावर.
ती अडाणी नव्हती. तिचा हिशोब चोख होता,
कच्चा होता तो माझा.

ते अकरा कप घेऊन
चौदा महिने मी हिशेबखात्याच्या पायऱ्या चढले.
दर वाढला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
नळाखाली स्पंज पिळल्याचा आवाज तेवढा
रांगेत इकडून तिकडे गेला.

रेगला त्याचा उपयोग नव्हता.
त्याची धूळ आधीच्या तीस वर्षांची.
त्याच्या अंत्यविधीला मी मागच्या बाकावर बसले,
त्याच्या बायकोकडे बघायचं धाडस झालं नाही.
बढती त्याच महिन्यात मिळाली.

सत्तावीस वर्षं झाली.
माझ्याकडे दाखवायला फार काही नाही:
एक वही, तिच्यावर माझ्या अक्षरात
'थोडक्यात निभावलं'.
पडता पडता राहिलेली शिडी,
हात बाहेर काढल्यावर मिटलेला साचा,
तेलावरून घसरून नुसताच शिव्या देत उठलेला माणूस.
'चूक कुणाची' हा रकाना मी पहिल्याच वर्षी खोडला.
'तिथे काय होतं' असा नवा आखला.
तो भरायला लोकांना सहा वर्षं लागली.

यंदा कीली आली, एकवीस वर्षांची,
नखं निळी, प्रश्न फार.
"यात पुढे जायला किती वर्षं लागतात?"
मी तिच्या हातात फळी दिली,
नळकांडी मोजायला पाठवलं.

संध्याकाळी परत आली, जरा अवघडून.
एक कमी होतं.
सापडलं म्हणाली. माझ्याच ऑफिसच्या दाराला टेकवलेलं.

मी काहीच बोलले नाही.
तिनं वही उघडली, लिहिलं,
आणि सहीसाठी माझ्याकडे वळवली.
मी सवयीनं खालून वर वाचू लागले.
माझं नाव कुठेच नव्हतं.
'तिथे काय होतं' च्या रकान्यात एवढंच:
खोलीत फार उकडतं.
खिडकी गंजली आहे, उघडत नाही.
आधी खिडकी दुरुस्त करा.